चित्र कोणी काढले?

(शाळेच्या पालक मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



दरवर्षी शाळेच्या चित्र-हस्तकला प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की घराघरांतून एक दृश्य दिसू लागते. सहावीतला मुलगा रात्री नऊ वाजेपर्यंत कागदाशी झटत असतो. विषय असतो 'बैलपोळा'. आकाश निळे व्हावयाचे ते गढूळ झालेले असते, बैलाचा मागचा पाय वाकडा आलेला असतो आणि मुलाचे डोळे झोपेने जड झालेले असतात. दुसऱ्या दिवशी चित्र द्यावयाचे असते. मग आई म्हणते, "दे इकडे, मी जरा हात फिरवते." तो 'जरा' हात रात्री बारापर्यंत फिरत राहतो. सकाळी चित्र देखणे झालेले असते. खालच्या कोपऱ्यात मुलाचे नाव, इयत्ता आणि तुकडी. आठ दिवसांनी त्या चित्राला बक्षीस मिळते, प्रशस्तिपत्रासह मुलाचे छायाचित्र नातेवाइकांच्या मोबाइलवर पोहोचते आणि आजोबा अभिमानाने म्हणतात, "हातात कला आहे हो पोराच्या!"

या साऱ्या आनंदसोहळ्यात एकच जण थोडा गप्प असतो. तो म्हणजे स्वतः मुलगा. कारण चित्र कोणी काढले, हे त्याला ठाऊक असते.

वरवर पाहता ही बाब क्षुल्लक आहे. कोणाचे नुकसान झाले नाही, कोणाचे काही हिरावले गेले नाही, असे म्हणता येईल. पण ज्या मुलाने स्वतःच्या हाताने वाकड्या पायाचा बैल काढून दिला आणि ज्याच्या चित्राकडे परीक्षकांनी पाहिलेही नाही, त्याचे नुकसान झालेच. बक्षीस मिळालेल्या मुलाचे तर त्याहून अधिक झाले. ज्या कलेने त्याला सचोटी शिकवावयाची, तिच्याच निमित्ताने तो खोटेपणाचा पहिला पाठ शिकला. आणि तो त्याला शिकविला त्याच्यावर सर्वाधिक प्रेम करणाऱ्या व्यक्तीने, केवळ प्रेमापोटी. कलाशिक्षण, पालक आणि मुलांचे नैतिक आचरण यांचा परस्परसंबंध शोधावयाचा असेल, तर त्याचा आरंभ या रात्रीपासून करावा लागेल.

कला आणि सदाचार

कलेच्या सहवासाने माणूस सुसंस्कृत होतो, ही श्रद्धा फार जुनी आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात नाट्याचे प्रयोजन सांगताना मनोरंजनाबरोबर लोकांना उपदेश आणि दुःखितांना विश्रांती यांचाही उल्लेख केला. ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याने आदर्श राज्यातील बालकांच्या शिक्षणात संगीताला अग्रस्थान दिले. साहित्य, संगीत आणि कला यांपासून वंचित राहिलेल्या माणसाला भर्तृहरीने शिंगे-शेपूट नसलेला पशू ठरविले, ते तर शालेय वक्तृत्व स्पर्धांतून वर्षानुवर्षे ऐकू येते. मात्र कलाहीन माणूस पशुतुल्य असतो असे म्हणणे वेगळे आणि कलावंत माणूस आपोआप सज्जन होतो असे म्हणणे वेगळे. पहिले विधान भर्तृहरीचे आहे. दुसरे पुढच्यांनी आपल्या सोयीसाठी त्याला चिकटविले.

इतिहास या दुसऱ्या विधानाला दुजोरा देत नाही. व्हिएन्नाच्या कला अकादमीने 1907 आणि 1908 अशी लागोपाठ दोन वर्षे प्रवेश नाकारलेला एक तरुण जलरंगातील चित्रे विकून पोट भरत होता. त्याचे नाव ॲडॉल्फ हिटलर. पुढे त्याच्याच राजवटीत आउश्वित्झच्या छळछावणीत कैद्यांचे वाद्यवृंद उभे करण्यात आले. श्रमाला जाणाऱ्या कैद्यांच्या रांगा त्या सुरांच्या तालावर चालविल्या जात आणि अधिकारी फावल्या वेळी त्यांच्याकडून संगीत ऐकत. सूर ऐकून डोळे मिटणारा माणूस दुसऱ्या दिवशी निरपराध्यांना मृत्यूच्या दारात लोटू शकतो, हे विसाव्या शतकाने पाहिले आहे. तेव्हा कला हा सदाचाराचा ताईत नव्हे. मुलाला तबल्याच्या वर्गाला घातले की संस्कारांची जबाबदारी संपली, असे मानणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घेतले पाहिजे.

मग कला देते तरी काय? ती काही सवयी देते. पाहण्याची, ऐकण्याची, थांबण्याची आणि चूक मान्य करण्याची सवय. या सवयींतून शील घडू शकते. मात्र त्या घरात टिकल्या तरच.

घागरीचे तोंड

महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिल्या आहेत. त्यांतील वस्तुचित्राचा तास आठवून पाहावा. समोर टेबलावर एक घागर, एखादे फळ, मागे लोंबता पडदा. बहुतेक मुले पहिल्यांदा घागरीचे तोंड पूर्ण गोल काढतात, कारण घागरीचे तोंड गोल असते हे त्यांना माहीत असते. चांगला चित्रकला शिक्षक त्या वेळी खोडरबर पुढे करीत नाही. तो म्हणतो, "तुला माहीत आहे ते काढू नकोस. बसल्या जागेवरून दिसते आहे ते काढ." मुलगा पुन्हा पाहतो आणि त्याच्या लक्षात येते, की इथून ते तोंड लंबवर्तुळाकार दिसते आहे. शेजारच्या बाकावरील मित्राला तेच थोडे निराळे दिसते आहे, आणि दोघेही खरे आहेत.

या एका प्रसंगात सत्याचे केवढे शिक्षण सामावले आहे! गृहीत बाजूला ठेवून वस्तुस्थितीला सामोरे जाणे आणि दुसऱ्याच्या जागेवरून जग वेगळे दिसते हे मान्य करणे, हे व्याख्यानाने शिकवू गेल्यास वर्ष पुरणार नाही. शाळांच्या मूल्यशिक्षणातील दहा मूल्यांत संवेदनशीलता आणि नीटनेटकेपणा यांचा समावेश आहे. ती मूल्ये फळ्यावर लिहून पाठ करून घेता येतात; पण स्मरणचित्रात बसथांब्याचे दृश्य काढणाऱ्या मुलाला डोक्यावर पाटी घेतलेली मजूर बाई आठवावी लागते, तिची मान कशी ताठ असते आणि कडेवरचे मूल कसे लोंबते हे आठवावे लागते. त्यासाठी त्याने तिच्याकडे कधी तरी नीट पाहिलेले असावे लागते. संवेदनशीलतेचा उगम अशा पाहण्यात आहे.

जलरंगाची शिकवण आणखी कठोर आहे. पेन्सिलीची रेघ खोडता येते, पण कागदावर उतरलेला जलरंग सहजी मागे घेता येत नाही. चूक झाली तर तिच्यासह पुढे जावे लागते, तिला चित्रात सामावून घ्यावे लागते. आपल्या हातून घडलेले आपलेच आहे, हे मुलाला तो ओला कागद सांगतो. 'जरा हात फिरवणारी' आई नेमकी हीच शिकवण पुसून टाकते.

सूर, साथ आणि संयम

संगीताची गोष्ट निराळी नाही. कुरुंदवाडच्या एका कीर्तनकाराच्या घरी 1872 साली जन्मलेले विष्णू दिगंबर पलुस्कर लहानपणी फटाक्याच्या अपघातात दृष्टीला मोठी इजा झाल्यावर मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकावयास राहिले. त्या काळी गाणे-बजावणे हा घरंदाज कुटुंबांत कुचेष्टेचा विषय होता. 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालयाची स्थापना करताना त्यांच्यासमोर केवळ राग शिकविण्याचे उद्दिष्ट नव्हते. गायकाचे आचरण स्वच्छ असल्याखेरीज गाण्याला समाजात मान मिळणार नाही, ही त्यांची पक्की धारणा होती. म्हणूनच विद्यार्थ्यांच्या स्वरसाधनेइतकीच त्यांच्या दिनक्रमाची आणि वर्तनाची शिस्त त्यांनी कडक ठेवली. ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास यांच्यासारखे शिष्य त्या शिस्तीतून घडले. येथे विसरू नये अशी बाब एवढीच, की कीर्तनाच्या रूपाने गाणे आणि सदाचार यांची जोड त्या मुलाने वडिलांच्या घरीच पाहिली होती. गुरूने विद्या दिली. पण त्या विद्येचा उपयोग कशासाठी करावयाचा, याचा आदर्श घरी उभा होता.

समूहाने केलेल्या संगीताचा मुलांच्या वागण्यावर काय परिणाम होतो, हे जर्मनीतील लाइपझिग येथील मॅक्स प्लांक संस्थेतील किर्शनर आणि टोमासेलो या संशोधकांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तपासले. चार वर्षांच्या मुलांच्या जोड्यांपैकी काहींना एकत्र गात-वाजवत खेळविले, तर इतरांना तोच खेळ गाण्यावाचून दिला. नंतर एकाच्या हातातील गोट्या सांडतील अशी योजना केली. एकत्र गायलेली मुले सवंगड्याच्या मदतीला अधिक धावली. भजनात टाळ धरून उभ्या राहिलेल्या कोणालाही याचे नवल वाटणार नाही. टाळ धरणाऱ्याला शेजाऱ्याचा ठेका ऐकावा लागतो. तो न ऐकता जोरात वाजविणारा सर्वांचा रंग घालवितो.

रंगभूमीचीही साक्ष अशीच आहे. सुधा करमरकरांच्या 'लिटल थिएटर'ने 1959 साली 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणले, 1962 पासून रत्नाकर मतकरींची बालनाट्ये होऊ लागली आणि मराठी मुलांना त्यांचे स्वतःचे नाटक मिळाले. शाळेच्या स्नेहसंमेलनात ज्या मुलाने कधी राक्षसाची, कधी म्हाताऱ्याची भूमिका केली, त्याला काही काळ तरी दुसऱ्याच्या कातडीत शिरून पाहावे लागले. थालिया गोल्डस्टीन आणि एलेन विनर यांनी 2012 साली मांडलेल्या निष्कर्षानुसार, वर्षभर अभिनयाचे शिक्षण घेतलेल्या मुलांत दुसऱ्याच्या भावनेशी समरस होण्याची वृत्ती वाढलेली आढळली. आणि ज्या मुलाला भूमिका मिळाली नाही, पण ज्याने विंगेत उभे राहून पडदा वेळेवर ओढला, त्याचे शिक्षणही कमी मोलाचे म्हणता येत नाही. मुख्य भूमिका न मिळाल्याबद्दल शिक्षकांशी भांडावयास येणाऱ्या पालकांनी याचा शांतपणे विचार करावा.

बक्षिसाचे ओझे

येथवर शाळेचे काम झाले. आता घराकडे वळले पाहिजे, कारण शाळेने पेरलेले बी उगवते की करपते, हे घरी ठरते.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी केलेला एक प्रयोग 1973 साली प्रसिद्ध झाला. चित्रे काढण्याची मनापासून आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुले त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितले, की चित्र काढलेस तर सोनेरी शिक्क्याचे प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काहीच सांगितले नाही. पुढे मोकळ्या वेळेत पाहणी केली, तेव्हा प्रशस्तिपत्राच्या आशेने चित्र काढलेली मुले इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रे काढताना दिसली. जे पूर्वी आनंदाचे होते, ते मोबदल्याचे काम झाले आणि मोबदला थांबताच हातातील रंग खाली ठेवले गेले.

याहून गंभीर निष्कर्ष क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांच्या 1998 सालच्या संशोधनातून पुढे आला. पाचवीच्या वयाच्या मुलांना कोडी सोडवावयास दिली. काहींना "तू हुशार आहेस" अशी शाबासकी दिली, तर काहींना "तू खूप मेहनत घेतलीस" अशी. पुढची कोडी अवघड होती. सर्वांचेच गुण घसरले. नंतर मुलांना आपले गुण दुसऱ्या शाळेतील अनोळखी मुलाला लिहून कळवावयास सांगितले. 'हुशार' ठरविलेल्या मुलांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास मुलांनी गुण वाढवून लिहिले. मेहनतीचे कौतुक झालेल्या गटात असे करणारी मुले त्याच्या निम्म्याहूनही कमी होती. ज्याला कोणी ओळखत नाही, ज्याची पुन्हा गाठ पडणार नाही, त्याच्यापुढेही खोटे बोलावेसे वाटावे, इतके ते 'हुशार' हे बिरुद त्यांना जड झाले होते.

"हातात कला आहे हो पोराच्या!" हे आजोबांचे वाक्य या प्रकाशात पुन्हा ऐकावे. त्याऐवजी "बैलाची वशिंड काढायला किती वेळा खोडलेस रे?" असे विचारले असते, तर नातवाने मान वर करून उत्तर दिले असते, अथवा खरे काय ते सांगून टाकले असते. दोन्हींमुळे घराचे भलेच झाले असते.

अलीकडे यात आणखी भर पडली आहे. दहावीच्या गुणपत्रिकेत इंटरमिजिएट परीक्षेतील श्रेणीचे आणि शास्त्रीय व लोककलांतील प्रावीण्याचे वाढीव गुण मिळण्याची सोय झाली. हेतू चांगला होता. कलेला अभ्यासक्रमात प्रतिष्ठा मिळावी हा होता. पण ज्या घरात कधी सूर ऐकू आला नाही, तेथेही आठवीत अचानक हार्मोनियम येते आणि दहावीचा निकाल लागताच ती माळ्यावर जाते. 'कला म्हणजे पाच-सात गुण' हा संस्कार मात्र खाली, घरातच राहतो. त्यातच आता संगणकाला दोन ओळींची आज्ञा दिली, की क्षणात चित्र तयार होते. पूर्वी मुलासाठी रात्री बारापर्यंत जागणारी आई तरी लागत असे. आता तिचीही गरज उरली नाही. अशा काळात स्वतःच्या हाताने काढलेल्या वाकड्या रेघेचे मोल पालकांनाच कळले नाही, तर ते मुलांना कोण सांगणार?

तानपुऱ्याची जागा

मग पालकांनी मदत करूच नये काय? अवश्य करावी. मदतीचे उत्तम उदाहरण गायनातच आहे. तानपुरा गायकाला साथ करतो. तो षड्ज धरून ठेवतो, सूर हरवला तर परत येण्याचे ठिकाण दाखवितो; पण बंदिश तो कधीच गात नाही. मुलाच्या कलाशिक्षणात पालकांची जागा नेमकी ही आहे. ब्रश धुवून द्यावेत, शेजारी बसावे, बैलाचा पाय जमत नसेल तर रविवारी गावाबाहेर नेऊन खरा बैल दाखवावा. चित्राला हात मात्र मुलाचाच लागावा.

ताराबाई मोडक यांनी 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे सुरू केलेले आणि अनुताई वाघ यांच्या साथीने पुढे कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत नेलेले बालशिक्षणाचे कार्य येथे मार्गदर्शक ठरते. महागडी साधने तेथे नव्हती. शंख-शिंपले, बिया, पाने, माती हेच साहित्य होते आणि शाळा मुलांच्या अंगणात नेलेली होती. बालशिक्षणाच्या ज्या विचारधारेतून ताराबाई आल्या, त्या माँटेसरी-गिजुभाई परंपरेत बक्षिसे आणि शिक्षा या दोहोंनाही स्थान नव्हते. काम पुरे झाल्याचा आनंद हेच मुलाचे बक्षीस, ही त्यामागील धारणा.

मुले पालकांचे बोलणे ऐकतात त्याहून पालकांचे वागणे अधिक टिपतात. दिवाळीच्या बाजारात कुंभारणीशी चार पणत्यांसाठी हुज्जत घालणारे वडील त्याच संध्याकाळी मोठ्या दुकानात छापील किंमत मुकाट मोजतात, तेव्हा हातांच्या श्रमाची किंमत मुलाला कळून चुकते. पेणच्या कारागिराने महिनोन्‌महिने खपून घडविलेली गणेशमूर्ती घरी आणताना आईने मुलाला "डोळे किती जिवंत आखलेत बघ" एवढे म्हटले, तरी त्याच्या मनात त्या अनोळखी हातांविषयी आदर उपजतो. असा आदर उपजलेला मुलगा दुसऱ्याच्या कष्टाची चोरी सहसा करीत नाही.

मुकी फुले

मातेच्या संस्कारांचा विषय निघाला की मराठी माणसाला साने गुरुजींच्या 'श्यामची आई'चे स्मरण होते. 1933 साली नाशिकच्या कारागृहात गुरुजींनी ते लिहून काढले आणि त्यावर आचार्य अत्रे यांनी 1953 साली काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींच्या पहिल्या सुवर्णपदकाचा मान मिळाला. त्या पुस्तकात 'मुकी फुले' नावाचे एक प्रकरण आहे. पूजेच्या फुलांसाठी मुलांमध्ये चढाओढ लागते आणि आपल्याला जास्त मिळावीत म्हणून श्याम न उमललेल्या कळ्याच तोडून आणतो. आईला त्याचे वाईट वाटते. कळीला झाडावरच उमलू द्यावे, हे ती त्याला समजावते.

त्या आईने ना चित्रकलेची परीक्षा दिली होती, ना संगीताची. पण सौंदर्य आणि सदाचार यांचे नाते तिला उमगले होते. चढाओढीत पुढे राहण्यासाठी कळी खुडणे असुंदर आहे आणि म्हणूनच अयोग्य आहे, हे तिने मुलाला एका फुलावरून शिकविले.

आजच्या पालकांपुढेही प्रश्न तोच आहे. मुलाचे वाकड्या पायाच्या बैलाचे चित्र ही एक कळी आहे. ती आज प्रदर्शनात शोभणार नाही, तिला बक्षीस मिळणार नाही, नातेवाइकांना पाठविण्यासारखीही ती नसेल. पण ती त्याची आहे, आणि तिच्या खाली लिहिलेले नाव खरे आहे. ती झाडावर राहू देण्याचा धीर घराने दाखविला, तर पुढे तोच मुलगा कार्यालयातील कागदावर, व्यवहारातील हिशेबावर किंवा दिलेल्या शब्दाखाली आपले नाव लिहिताना क्षणभर थांबेल आणि स्वतःला विचारील, की हे खरोखर माझे आहे काय?

तेव्हा यंदाच्या प्रदर्शनासाठी मुलगा वा मुलगी रात्री कागद घेऊन बसेल, त्या वेळी आईने शेजारी बसावे, वडिलांनी दिवा नीट धरावा आणि दोघांनीही आपले हात मागे बांधून ठेवावेत. बैल वाकडा आला तरी चालेल. त्याखालचे नाव मात्र सरळ असावे.